पुरे म्हटलं की पुरे

"समोरचा 'पुरे' म्हणाला, की तुझा हात खाली. मग समोर चोर असो, दरोडेखोर असो, नाहीतर तुझी सख्खी आत्या असो!"

ज्यांच्या हाताखाली मास्तर हा विषय शिकले, त्या उस्तादांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या मास्तरांच्या कानात हा आवाज अजून रोज सकाळी दाढी करताना वाजायचा. आत्याचं नाव उस्तादांनी घेतलं होतं ते नुसतं बोलण्याच्या ओघात. पण थोरांच्या तोंडून ओघात निघालेले शब्दही कधीकधी खरे होऊन समोर बसतात, आणि बसले की उठत नाहीत, हे मास्तरांना त्या सोमवारी कळायचं होतं.

मास्तर नव्या भरतीच्या पोलिसांना एकच विषय शिकवीत. बळाचा कायदेशीर वापर. साध्या भाषेत सांगायचं तर कुणावर हात टाकायचा, केव्हा, किती, आणि मुख्य म्हणजे केव्हा नाही. फळ्यावर ते पाच पायऱ्यांचा जिना काढत. पहिली पायरी, नुसतं समोर उभं राहा; वर्दी दिसली की निम्मं काम होतं. दुसरी, बोला. तिसरी, हात लावा, पण मोकळा आणि दुखणार नाही असा. चौथी, लाठी. पाचव्या पायरीवर ते काहीच लिहीत नसत. "तिथं जायची वेळ देव तुमच्यावर न आणो," एवढं म्हणून खडू खाली ठेवत. यावरून मुलं त्यांना पाठीमागे 'पायरीमास्तर' म्हणत, आणि मास्तर ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करीत.

सरावाची रीत ठरलेली होती. एका खुर्चीत हट्टी माणूस बसवायचा आणि शिकाऊंनी त्याला कायद्यात बसेल अशा रीतीनं उठवायचं. तो 'पुरे' म्हणाला, की सगळ्यांनी हात सोडून दोन पावलं मागं यायचं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. पूर्वी हा शब्द 'थांबा' असा होता. पण शिकाऊ स्वतःच ऊठसूट 'थांबा!' म्हणून ओरडायचे आणि स्वतःच थांबायचे. तेव्हा उस्तादांनी विचार करून 'पुरे' निवडला. "पोलिसाच्या तोंडात हा शब्द कधी येतच नाही," ते म्हणाले होते, "म्हणजे घोटाळा व्हायचा प्रश्न नाही."

त्या सोमवारी वरच्या कचेरीतले मोठे साहेब पाहणीला यायचे होते. त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. "दोन दोन दिवस काय शिकवता? अर्ध्या तासाची चित्रफीत दाखवा आणि मोकळे व्हा." प्रात्यक्षिक साहेबांच्या मनाला आलं तर वर्ग राहणार, नाहीतर वर्गाला कुलूप आणि मास्तर गोदामात, टोप्या-पट्ट्यांच्या राखणीला. एकवीस वर्षं माणसांना शिकवलेल्या माणसाला टोप्यांपुढे बसायचं म्हणजे जिवंतपणी खुंटीला टांगल्यासारखंच.

आणि नेमका त्याच सकाळी ढोल्याचा फोन आला.

ढोल्या म्हणजे सात वर्षं खुर्चीतला हट्टी माणूस होणारा हवालदार. बसला की खुर्ची दिसत नसे. त्याची आदल्या दिवशी अक्कलदाढ काढली होती आणि फोनवर त्याच्या तोंडून "ऊं ऊं"पलीकडे काही निघत नव्हतं. बाकीचं त्याच्या बायकोनं सांगितलं.

मास्तर फोन ठेवून चहापुढे येऊन बसले. समोर आत्या बशीत चहा ओतत होती. आई लवकर गेली तेव्हापासून मास्तरांना आत्यानंच वाढवलं होतं. वय शहात्तर, अंगानं काडी, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि नेम मात्र एकही चुकवायची नाही. एकदा आसनावर बसली की जप पुरा झाल्याशिवाय उठायची नाही, मग दाराशी कुणी का येईना.

"ढोल्या आज असता तर..." मास्तर पुटपुटले.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणाला असतास," आत्या म्हणाली. "नाहीत ना? मग आत्यालाच घेऊन चल. खुर्चीत बसायचंच काम ना?"

"आत्या, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? बसायला काय अक्कलदाढ लागते?"

मास्तरांची बायको ओट्याशी हसली. "न्या हो आत्याबाईंना. बसल्या जागेवरून त्यांना कुणी उठवलंय का आजवर? मला तरी जमलं नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तर आत्या अंगानंही काडीच होती. मास्तरांनी तिला नीट समजावलं. "हे बघ, कुणी कितीही सांगितलं तरी उठायचं नाही. कळलं? शब्द दे."

"दिला," आत्या म्हणाली. "माझा शब्द म्हणजे तुझ्यासारखा नाही हो."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं नाही. ते बूट शोधत होते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आत्याला दर चौथ्या वाक्याला 'पुरे' म्हणायची सवय होती. पण घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसा हा 'पुरे' चाळीस वर्षं ऐकून मास्तरांच्या कानांना मुळी ऐकूच येत नव्हता.

दहाच्या ठोक्याला साहेब आले, पुढच्या रांगेत बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. दालनाच्या मधोमध खुर्ची, खुर्चीत आत्या, मांडीवर पिशवी. भिंतीला लागून दहा शिकाऊ सावधान उभे.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"हट्टी इसम, सर," मास्तर म्हणाले. आणि खरं तेच बोलून गेले.

पहिला आला लंबू. साडेसहा फूट उंच आणि आवाज रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा. तो समोर उभा राहिला. पहिली पायरी झाली. "आजी, उठा!" तो गरजला. दुसरी पायरी झाली.

"का?"

लंबूला या प्रश्नाची तयारी नव्हती. "का म्हणजे... कायद्यानं!"

"पुरे रे बाबा! किती ओरडतोस! डोळे अधू आहेत माझे, कान नाहीत."

'पुरे' ऐकताच लंबूचे हात मागे गेले, दोन पावलं मागं पडली आणि तो पुन्हा पहिल्या पायरीवर, म्हणजे नुसता उभा राहिला. साहेबांनी भुवई उचलली. मास्तरांच्या कपाळावर पहिला थेंब आला.

लंबू चार वेळा वर चढला आणि चार वेळा खाली आला. मग मास्तरांनी गोड्याला पाठवलं. हा साखर पेरून बोलणारा. कुणाही म्हातारीचा नातू शोभेल असा.

"आजी, बाहेर तुमच्यासाठी किती छान खुर्ची ठेवलीय. गादीची!"

"मग तू बस ना तिच्यावर. उभं राहून दमला असशील."

"पण आजी, तुम्हाला इथं त्रास होईल हो..."

"पुरे हं तुझं लाडीगोडी लावणं! माझ्या भाच्यानंही असंच गोड बोलून तीन वर्षं काढली."

गोड्या दोन पावलं मागे.

तिसरा पैलवान. तो बोलण्यात वेळ न घालवता शिकवल्याप्रमाणे अलगद आत्याच्या कोपराखाली हात घालायला गेला. मास्तर एक पाऊल पुढे आले. तिसरी पायरी गाठणारा तो पहिलाच.

"अगं बाई, हात किती गार तुझा!" आत्यानंच त्याचा हात धरला. "जेवतोस का वेळेवर? आणि या जांभया बघ. पुरे झालं ते फोनमध्ये तोंड घालून बसणं!"

पैलवानानं हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. नियम होता, 'पुरे' म्हटलं की हात सोडायचा. पण हट्टी इसमानंच शिपायाचा हात धरला असेल तर काय करायचं, हे कुठल्याच पायरीवर लिहिलेलं नव्हतं. तो बिचारा मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर छताकडे.

पाऊण तास झाला. आठ जण येऊन गेले. आत्यानं एकाला औषध सांगितलं, एकाच्या तुटक्या गुंडीला पिशवीतून ओवलेली सुई काढून चाचपत टाका घातला आणि दोघांना आईला रोज फोन करायची शपथ घातली. खुर्ची मात्र तसूभर हलली नाही.

मास्तर पुढे झाले आणि वाकून कुजबुजले. "आत्या, बास आता. ऊठ. माझी नोकरी जाईल गं!"

आत्या मात्र कुजबुजणाऱ्यांतली नव्हती. "असं कसं, गुंड्या?" ती सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तूच शब्द घेतलास ना, कुणी कितीही सांगितलं तरी उठायचं नाही म्हणून? 'कुणी'त तूही आलास. दिलेला शब्द मोडायची आपल्या घरात रीत नाही. म्हणजे माझ्यापुरती तरी नाही."

'गुंड्या' शब्दावर भिंतीलगतच्या दहाही शिकाऊंच्या मिटल्या ओठांतून एकाच वेळी काहीतरी फुसकन सुटलं. बळाचा कायदेशीर वापर शिकवणाऱ्या माणसाचं घरचं नाव गुंड्या असावं, हे त्यांना दोन दिवसांत प्रथमच नीट समजलेलं काहीतरी होतं.

साहेब उठले.

"पुरा खेळखंडोबा!" ते म्हणाले. 'पुरा' ऐकून लंबूनं उगाच दोन पावलं मागं घेतली. "एका म्हातारीला दहा जण उठवू शकत नाहीत, आणि म्हणे प्रशिक्षण! बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

ते खुर्चीमागे गेले. दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि ती पुढं कलंडवायला सुरुवात केली.

आत्याची पिशवी मांडीवरून घसरली. आतली जपाची माळ जमिनीवर पडली. आत्या या वेळी सवयीनं बोलली नाही. तिचा आवाजही चढला नाही. ती नुसती म्हणाली, "पुरे."

खुर्ची कलंडतच होती. मास्तरांना उस्ताद आठवले. पाय मात्र जागचे हलेनात. एकवीस वर्षांत साहेब लोकांसाठी पायरी त्यांनी फळ्यावर काढलीच नव्हती.

तेवढ्यात साहेबांच्या मनगटावर एक हात आला. हात लहानसा होता. भिंतीकडच्या टोकाला उभी असलेली चिमणी पुढे आली होती. आवाज इतका बारीक की आवाजाच्या चाचणीत दोनदा नापास झालेली, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पकड शिकवल्याप्रमाणे होती, मोकळी, दुखणार नाही अशी, पण न सुटणारी.

"सर," चिमणी म्हणाली, "'पुरे' झालंय."

"काय?"

"समोरच्यानं 'पुरे' म्हटलं, की थांबायचं. आणि आपला सोबती थांबला नाही, तर त्याचा हात आपण धरायचा. तसं शिकवलंय, सर." मग पकड न सोडता, "सोबती मोठा असला तरी."

टेबलावरचं साहेबांचं घड्याळ सगळ्यांना ऐकू आलं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे टोप्या दिसू लागल्या. काळ्या, निळ्या, ओळीनं लावलेल्या.

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. मग चिमणीकडे. मग हळूच खुर्ची सरळ केली आणि हात खाली घेतले. न सांगता दोन पावलं मागेही आले.

"आता?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता की आणखी काही, ते कुणाला कळलं नाही.

"आता नोंद, सर," चिमणीनं टेबलावरचा छापील कागद पुढे केला. "ज्यानं बळ वापरलं त्यानं लगेच लिहायची. स्वतःच्या हातानं."

मास्तरांनी डोळे मिटले. शहाण्या माणसानं विस्तव विझल्यावर घरी जावं. ही पोरगी त्यावर फुंकर घालत होती. पण नियम नियमासारखा होता, आणि साहेबांना तो नाकारता येईना. कारण कागदाच्या तळाशी 'नमुना मंजूर' असं छापलं होतं आणि त्याखाली बारा वर्षांपूर्वीची छापील सही होती, ती त्यांचीच.

साहेब टेबलाशी बसले. तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं. वापरलेलं बळ, 'खुर्ची कलंडवली' असं लिहिलं आणि लिहिल्यावर ते त्यांना स्वतःलाच जरा विचित्र दिसलं असावं, कारण पेन थोडं थबकलं. मग ते सातव्या रकान्याशी आले आणि अडले.

"बळ वापरण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे काय होते?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "त्याच्याच शब्दांत लिहावे. 'काही नाही' असे लिहू नये."

त्यांनी लंबूकडे पाहिलं. "काय म्हणणं होतं त्यांचं?"

लंबूनं गोड्याकडे पाहिलं, गोड्यानं पैलवानाकडे. पाऊण तासात आठ जण येऊन गेले होते. विचारलं एकानंही नव्हतं. दुसऱ्या पायरीवर मास्तरांनी फळ्यावर 'बोला' असंच लिहिलं होतं. 'विचारा' असं नव्हतं लिहिलं.

साहेब उठले आणि खुर्चीपाशी आले. आधी वाकून त्यांनी माळ उचलली, पिशवीत ठेवली आणि पिशवी आत्याच्या मांडीवर दिली. मग म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं काय आहे?"

"बघा!" आत्याचा चेहरा उजळला. "आता कसं माणसात आलात! अहो, माझं म्हणणं एवढंसंच. माझी धाकटी बहीण आहे, बसनं तीन तासांवर. तिचे गुडघे गेलेत, माझे डोळे चाललेत. तिला यायला होत नाही आणि मला एकटीला जायला होत नाही. तिचा चेहरा दिसेल तोवर एकदा भेटवून आण, असं या गुंड्याला म्हणाले. हा म्हणाला, 'शब्द देतो आत्या, पुढच्या रविवारी.' त्याला तीन वर्षं झाली. मला आता माणूस ओळखायला आवाज लागतो हो. तिचं तोंड नुसतं ढगासारखं दिसेल तेव्हा नेऊन काय उपयोग?"

चिमणी धरून दहा शिकाऊ आणि एक साहेब यांचे डोळे एकदम मास्तरांकडे वळले. पहिली पायरी, नुसतं समोर उभं राहा. तिचा परिणाम केवढा असतो ते मास्तरांना त्या दिवशी खुर्चीच्या या बाजूनं कळलं.

"नेतो ना, आत्या," ते कसेबसे म्हणाले. "नक्की. पुढच्या रविवा..."

"'पुढचा रविवार' ही तारीख नाही," साहेब सातवा रकाना भरताभरता म्हणाले. "तारीख सांगा."

मास्तर सावधान उभे राहिले. "उद्या, सर."

"रजेचा अर्ज?"

अर्ज लिहून झाला, जागच्या जागी मंजूरही झाला. आणि तेव्हा आत्या पिशवी सावरत, गुडघ्यावर हात टेकून आपली आपण उठली.

"हे काय?" मास्तर थक्क झाले. "उठायचं नाही असा शब्द दिला होतास ना?"

"तू म्हणालास, कुणी कितीही सांगितलं तरी उठायचं नाही. सांगून नाहीच उठले मी." आत्या पैलवानाचा दंड धरून दाराकडे निघाली. "यांनी सांगितलं नाही. विचारलं. विचारलं तर उठायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?"

साहेब कुणाशी काही न बोलता शेरेबुकात दोन ओळी खरडून गेले. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मास्तरांनी घाईघाईनं बुक उघडलं. साहेबांचं अक्षर लागायला कठीण होतं. 'वर्गासाठी दोन दिवस पुरे' एवढंच त्यांना दिसलं आणि त्यांचे पाय सवयीनं दोन पावलं मागे आले. पुरे म्हणजे पुरे. गेला वर्ग.

"मास्तर," शेजारून बारीक आवाज आला, "ओळीच्या टोकाला 'अ' आहे. तुमचा अंगठा त्याच्यावर होता."

मास्तरांनी अंगठा काढला. 'वर्गासाठी दोन दिवस अपुरे. तीन करावेत.' आणि त्याखाली, 'दुसऱ्या पायरीवरील शब्द बदलावा.'

मास्तर फळ्यापाशी गेले. 'बोला' पुसलं आणि 'विचारा' लिहिलं. मग चिमणीच्या आवाजाच्या चाचणीचा कागद काढला आणि 'नापास'च्या जागी काय लिहावं याचा विचार करत बसले. शेवटी लिहिलं, 'ऐकू जातो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सहालाच तयार होऊन दाराशी बसली होती. मास्तर तिच्या पिशवीत शाल कोंबत होते, वर पाण्याची बाटली, वर छत्री, वर आणखी एक शाल.

"पुरे रे!" आत्या म्हणाली.

मास्तरांचे दोन्ही हात मागे गेले. दोन पावलं मागं पडली. बायको दारामागे तोंडाला पदर लावून हसत होती.

"मग काय घेऊ, आत्या?" त्यांनी विचारलं.

आत्यानं मान वर केली. घरात हा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांनी ऐकू आला होता.

"चष्मा तेवढा घे," ती म्हणाली. "तिला नीट बघायचंय."

मास्तरांनी चष्मा खिशात ठेवला, जास्तीची शाल काढून खुंटीला लावली आणि पिशवी खांद्यावर घेतली. मग त्यांनी आत्याच्या कोपराखाली हात दिला, मोकळा, दुखणार नाही असा, आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवत ते हळूहळू बसथांब्याच्या दिशेनं चालू लागले.